स्टेशन न लागणारा रेडिओ

माझ्या दुकानाला दुकान म्हणायलाही तोंड धजावत नाही. जिवतीच्या आठवडी बाजारात चार बांबू, वर निळी ताडपत्री आणि समोर एक लांब फळी. फळीवर मोबाइलची कव्हरं, चार्जर, इअरफोन, टॉर्च, सेल. एका टोकाला बांगड्या, कारण बांगड्या दिसल्याशिवाय बाया थांबत नाहीत. पण माझं खरं पोट भरतं ते मागच्या चार्जिंगच्या बोर्डावर. शेजारच्या हॉटेलातून वायर ओढून घेतली आहे. डोंगरावरच्या गुड्यांमध्ये, म्हणजे गोंड-कोलामांच्या लहान लहान वस्त्यांमध्ये, लाइट येते तशी जाते, आणि एकदा रुसली की बाजाराच्या दिवसापर्यंत तोंड दाखवत नाही. मग लोक थैलीत फोन घालून आणतात, माझ्या बोर्डाला लावतात आणि बाजार करायला निघून जातात. संध्याकाळी काळीपिवळी जीप हॉर्न वाजवायला लागली की पळत येतात, फोन उपटतात आणि धावत सुटतात.

आणि विसरतात. बापा रे, काय विसरतात! कोणी फोन नेतो आणि चार्जर ठेवतो. कोणी बांगड्या भरताना घड्याळ काढून ठेवते ते तसंच राहतं. एकाने फोनला नवं कव्हर घेतलं, कव्हर खिशात घातलं आणि फोन फळीवर ठेवून गेला. एकदा तर दोघांनी एकमेकांचे फोन नेले आणि पुढच्या बाजारापर्यंत दोघेही दुसऱ्याच्या सासुरवाडीशी भांडत राहिले.

राहिलेल्या वस्तू मी एका पत्र्याच्या डब्यात ठेवते. बाजारात राहिलेली वस्तू पुढच्या बाजारात त्याच जागेवर मिळते, ही इकडची रीतच आहे. कांदेवाला लोकांच्या छत्र्या ठेवतो, चप्पलवाल्याकडे एकेका पायाच्या चपला असतात. मधल्या दिवसांत कोणी शोधायला येत नाही आणि कोणी द्यायला जात नाही. सगळं बाजार ते बाजार. लग्नाची बोलणीसुद्धा बाजारात अडली तर पुढच्या बाजारापर्यंत अडलेलीच राहतात.

वस्तू परत देताना मी बोलते. नुसती देत नाही, चांगलं तोंड सोडते. लोक म्हणतात, या बाईकडून हरवलेली वस्तू घ्यायला जाताना अंघोळ करून जायची गरज नाही, ती शिव्यांनी घालतेच. एका कास्तकाराला मी म्हटलं होतं, “बायकोले त विसरून जात नाई बाजारात. मंग फोन काऊन विसरता?” तो शांतपणे म्हणाला, “बाई, बायको आवाज देते ना. फोन चार्जिंगले लागला की गप राह्यते.” मी हसले आणि त्याला दुप्पट बोलले.

इतक्या वर्षांत सगळं ज्याचं त्याला गेलं. एकच वस्तू अशी की गेली, पण जायला हवी होती तेव्हा गेली नाही. मी तिला रेडिओ समजले होते. ती होती कानाची मशीन, ऐकायची. जिची होती ती म्हातारी त्या मशीनशिवाय ठार बहिरी. तिचा नवरा घरी खाटेवर पडून होता. त्याच्या छातीत दम उरला नव्हता, ओरडणं सोडाच, बोलतानाही धाप लागायची. दोघांचं उरलेलं सगळं बोलणं त्या पेटीच्या वायरवरून चाललेलं होतं, आणि ती पेटी माझ्या दुकानात खिळ्याला टांगलेली. म्हातारा आता फार दिवसांचा नाही हे तिला माहीत होतं, त्यालाही माहीत होतं. मला कुठून माहीत असणार? पण असं म्हणून मन ऐकत नाही, म्हणून काय झालं ते सांगते.

म्हातारी माझी जुनी गिऱ्हाईक. कपाळावर गोंदण, लुगड्याचा पदर दोन्ही कानांवरून घट्ट ओढलेला. दर दोन-तीन बाजारांनी यायची आणि संपलेला पेन्सिल सेल माझ्यासमोर धरायची. मी नवा द्यायचे. ती माझ्या तोंडाकडे बघायची, मी बोटं दाखवायचे, ती पदराच्या गाठीतून पैसे काढायची. एक शब्द नाही. मी समजले, गोंडी बोलणारी आहे, हिला मराठी येत नाही. मला गोंडी येत नाही. इथे अशी गिऱ्हाइकं पुष्कळ, बोटांवर धंदा चालतो. सिरोंच्याकडे माझी बहीण राहते, तीही तिकडच्या तेलुगू बायांशी असाच बोटांवर व्यवहार करते. म्हातारीला ऐकूच येत नसेल हे माझ्या डोक्यात आलं नाही. आपल्याला जो उत्तर देत नाही त्याला भाषा येत नाही, असंच आम्ही इथे धरून चालतो.

त्या दिवशी बाजाराला तुफान गर्दी होती. कापूस घरातून निघून गेला होता, तूर कापून झाली होती, लोक मोकळे झाले होते. बरेचसे सीमेपलीकडे तेलंगणात मिरची तोडायला निघायच्या तयारीत होते, त्यांना फोन, चार्जर, टॉर्च सगळं हवं होतं. म्हातारी येऊन गेली एवढं आठवतं. सेल दिला, पैसे घेतले. तेवढ्यात जीपवाल्याने हॉर्नवर हातच ठेवला आणि चार-पाच बाया एकदम उठून पळाल्या. त्यात तीही गेली असेल.

संध्याकाळी सामान आवरताना कव्हरांच्या ढिगाखाली ती पेटी सापडली. काडेपेटीपेक्षा थोडी मोठी, मळकट रंगाची. मागे खिशाला अडकवायची क्लिप, वर फिरवायची एक चकती, आणि एक वायर. वायरच्या टोकाला कानात घालायचं बोंड, तेही एकच. मी इअरफोन विकणारी बाई. मला काय वाटणार? झाकण उघडलं तर आत पेन्सिल सेल. झालं, रेडिओ.

बोंड कानात घातलं आणि चकती फिरवली. आधी खरखर. मग कुंई असा आवाज, स्टेशन शोधताना रेडिओ ओरडतो तसा. मग नुसता कल्ला. माणसं, हॉर्न, बकऱ्या, चप्पलवाल्याचं कोकलणं, सगळं एकात एक कालवलेलं. मी काढून ठेवलं आणि म्हटलं, “घ्या, याला स्टेशनच लागत नाही.”

आता हसू येतं आणि रडूही येतं. तो कल्ला आपल्याच बाजाराचा होता! पण आमच्या डोंगरात कोणतीही वस्तू बिघडली की आम्ही एकच म्हणतो, रेंज नाही. फोनला रेंज नाही, टीव्हीच्या छत्रीला रेंज नाही. माणसाचं पोट बिघडलं तरी तो म्हणतो, आज रेंज नाही. मग रेडिओला स्टेशन लागत नाही यात मला नवल कशाला वाटावं? दुसरीकडच्या बाईने कदाचित दोनदा विचार केला असता. मी केला नाही.

डब्यात टाकण्याऐवजी मी तो रेडिओ समोरच्या बांबूच्या खिळ्याला टांगला. मालकाला दुरून दिसावा, हा आपला माझा शहाणपणा.

पुढच्या बाजारात कोणी आलं नाही म्हणून मी चप्पलवाल्याला सांगितलं. त्याच्याकडे भोंगा आहे. दिवसभर चपलांच्या नावाने ओरडत असतो, मधे माझं एक वाक्य ओरडला तर काय बिघडतं? तो तर तयारच असतो. लगेच सुरू झाला, “आयका हो आयका! कोनाचा रेडिओ हारपला असन त बांगडीवालीच्या दुकानात या! लहानसा रेडिओ हाय, एका कानाचा! त्याले स्टेशन लागत नाई, पन बाईचा आवाज लागते!” सगळा बाजार हसला. मीही हसले, आणि तिथूनच त्याला एक शिवी हासडली.

एकदोघे आले खरे. एक म्हातारेबुवा म्हणाले, माझाच आहे. मी विचारलं, “कोनतं स्टेशन लागत होतं?” म्हणाले, “नागपूर.” मी म्हटलं, “याले त काईच लागत नाई.” त्यांनी बोंड कानात घालून पाहिलं, तोंड वाकडं केलं आणि म्हणाले, “मंग हा माहा नोय.” गेले. त्यांना ऐकू चांगलं येत होतं ना, त्यांनाही तो कल्लाच वाटला.

आणि त्याच बाजारात ती आली. डोंगरावरच्या त्याच गुड्यातली एक तरणी बाई, कडेवर लेकरू. म्हातारीची शेजारीण. पण हे मला तेव्हा कुठे माहीत? माझ्यासमोर एक जण बांगड्या भरत होती, दुसरी रंग बदलून मागत होती, मागे तिघे फोन मागत उभे. ही मधेच डोकं घालून म्हणाली, “बाई, मशीन सापडली का?”

“कोनती मशीन?”

“बुडीची मशीन. मांगच्या बाजारात हारपली.”

माझ्या डोळ्यांपुढे शिलाईची मशीन उभी राहिली. आमच्याकडे मशीन म्हटलं की एक तर शिलाईची, नाही तर फवारणीची, नाही तर पिठाची. मी जी सुरू झाले! “अवो, मशीन का माझ्या डब्यात मावते? पिठाची चक्की हारपली का बुडीची? जाय, टेलरले इचार!” बांगड्या भरणाऱ्या दोघी खो खो हसल्या. ती बिचारी शरमली. तीही थोडी हसली, लेकराला दुसऱ्या कडेवर घेतलं आणि गेली. टेलरकडे गेलीच ती, खरंच. नंतर टेलर आणि मी चहा पिताना त्यावर पुन्हा हसलो.

तिने मशीन कधी पाहिलेलीच नव्हती. म्हातारी ती पोलक्यात ठेवायची आणि वायर पदराखालून न्यायची. लोकांना दिसली तर हसतील म्हणून तिला लाज वाटायची. बाजाराचा कल्ला सहन होत नाही म्हणून इथे ती काढूनच ठेवायची, आणि त्या दिवशी माझ्या कव्हरांआड नवा सेल घालताना बाया पळाल्या तशी तीही मशीन तिथेच टाकून पळाली. कान तपासायच्या शिबिरात ती वाटणाऱ्यांनी ‘मशीन’ म्हटलं म्हणून म्हातारी मशीन म्हणायची, आणि शेजारीण तोच शब्द घेऊन माझ्याकडे आली. आमच्या डोक्यांवर भोंगा ओरडत होता, रेडिओ, रेडिओ. ती मशीन शोधत होती, मी रेडिओचा मालक शोधत होते, आणि वस्तू दोघींच्या मधे लोंबकळत होती. जिची वस्तू तिला तो भोंगा कानाशी वाजवला असता तरी ऐकू आला नसता. त्या हसण्याची आठवण झाली की अजून स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

त्याच्या पुढच्या बाजारात नर्सबाई आल्या. डोंगरावरच्या वस्त्यांमध्ये फिरणाऱ्या, चांगल्या मोकळ्या स्वभावाच्या. त्यांना चार्जर हवा होता. पैसे देताना त्यांची नजर खिळ्याकडे गेली.

“काकू, हे तुमच्याकडे कुठून आलं?”

“कोणी विसरलं. रेडिओ आहे. स्टेशन लागत नाही त्याला.”

त्या इतक्या हसल्या की फळीला धरून उभ्या राहिल्या. “अवो काकू, हा रेडिओ नोय! हे कानाची मशीन होय. राजुऱ्याले शिबिर झालं होतं ना, तिथी देल्ल्या होत्या.” त्यांनी बोंड माझ्या कानात बसवलं, पेटी घेऊन दोन पावलं मागे गेल्या, चकती थोडी फिरवली आणि तोंडावर हात धरून पुटपुटल्या, “चहा पाजता का?” माझ्या कानात कोणी तोंड घालून बोलावं तसं आलं.

मशीन. तो शब्द मी आधीही ऐकला होता. कडेवर लेकरू घेतलेली ती बाई डोळ्यांसमोर उभी राहिली. मी घाईघाईने विचारलं, कुठल्या म्हातारीला दिली होती? नर्सबाईंचं हसू कमी झालं. “कानावर पदर घट्ट घेते, ती. वरच्या गुड्यातली. तिचा बुडगा लय बिमार हाय, काकू. त्यानंच तिले शिबिरात आनलं होतं, सोता दमत दमत. नेऊन द्या लवकर. तो बोलते, पन आवाज नाई त्याच्यात. बिना मशीनचं तिले काय समजन?”

बाजार भरलेला असताना मी कधी दुकान सोडलं नव्हतं. पोटुशी असतानासुद्धा कळा सुरू होईपर्यंत बसले होते. त्या दिवशी चप्पलवाल्याला म्हटलं, “माझ्या दुकानाकडे पाहजो,” आणि निघाले. तो भोंग्यातूनच विचारत होता, “बाई, कुठी चालल्या?” मी वळून पाहिलं नाही.

जीप डांबर संपेपर्यंत. पुढे पायवाट. सागाची पानं गळून पडलेली, पाऊल टाकलं की करकर वाजतात. वावरांत कापूस वेचलेल्या नुसत्या पऱ्हाट्या उभ्या. मी चालता चालता माझं नेहमीचं भाषण जुळवत होते. माय, इतकी मोलाची वस्तू अशी टाकून जातात का? एक शब्द बोलली असतीस तर मला समजलं असतं ना? तोंडाला काय कुलूप लावलं होतं? खरं सांगते, मला धीर यावा म्हणून मी मनातल्या मनात भांडत होते. म्हातारी माझ्यावर चिडेल, मी तिच्यावर चिडेन, म्हातारा खाटेवरून हसेल आणि विषय संपेल, असं मी ठरवून टाकलं होतं.

गुड्यात शिरले तर माणसं होती, पण आवाज नव्हता. एका अंगणात गडीमाणसं खाली माना घालून बसलेली. भिंतीला खाट उभी करून ठेवलेली, धुऊन काढलेली, अजून ओली. आदल्या दिवशी म्हाताऱ्याची माती झाली होती.

कडेवर लेकरू असलेली ती शेजारीण समोर आली. तिने मला ओळखलं. मग माझ्या हातातली वायर पाहिली.

“हेच?” तिने विचारलं.

“हेच.”

“हे मशीन?”

मी मान हलवली. मला वाटलं, शिव्या दे गं बाई. माझ्यासारखं तोंड सोड. पण ती तशी नव्हती. तिने मला हाताला धरून आत नेलं.

म्हातारी भिंतीला टेकून बसली होती. मी पेटी तिच्या हातात ठेवली. तिने ती उलटसुलट करून पाहिली, पदराने पुसली, चकती फिरवली. कुंई वाजलं. बोंड कानात घातलं आणि माझ्याकडे बघून म्हणाली, “बस, बाई. पानी घे.”

स्वच्छ मराठी! माझ्यापेक्षा चांगली. मी खाली बसले आणि जुळवून आणलेलं सगळं भाषण सोडून दिलं. एवढंच म्हटलं, “चुकलं माझं, माय. मले रेडिओ वाटला.” तिला ते ऐकू आलं. सगळं नीट ऐकू येत होतं आता.

“तुले काय मालूम,” ती म्हणाली. मग स्वतःच सांगायला लागली.

“त्याले मी सांगतलंच नाई, मशीन हारपली म्हून. त्यानंच मले नेल्लं होतं शिबिरात. तिथी कानात घातली त पह्यले त्याचाच आवाज आयकला. लय खूस झाला. म्हने, आता मले ओरडा लागत नाई. मंग हारपली म्हून कसं सांगू? त्याचा जीव त तसाच अर्धा झाला होता. म्हटलं, येत्या बाजारात सापडनच, हिले धाडलं इचाराले. कानावर पदर घेतला अन् बसली त्याच्यापाशी. त्याले वाटे, मशीन हायेच कानात.”

पोरगा आणि सून मिरचीला गेलेले. त्यांना निरोप पोचला तो उशिरा, ते अजून वाटेतच होते. भर दुपारी गुड्यातली सगळी माणसं जंगलात लाकडाला. घरात दोघंच.

“परवा दुपारी बोलाले लागला,” म्हातारी म्हणाली. “इतका त तो सालभरात बोलला नसन. थांबे, दम घे, अखीन बोले. मी ओठ पाहत राह्यली. पन मिशा लय, ओठ समजे नाई. तो थांबून माझ्याकडे पाहे. म्या म्हटलं, हो. मंग त्याले बरं वाटे. अखीन काई बोले, अखीन पाहे. म्या म्हटलं, हो. हो. संध्याकाळी गेला.”

शेजारीण दारात उभी राहून डोळे पुसत होती. मी म्हटलं, “तुझं हो आयकून समाधानानं गेला, माय.” कोणीही म्हणेल तसंच म्हटलं.

तिने माझ्याकडे असं पाहिलं जसं मला काहीच कळत नाही. “बाई, मरत्या मानसाले हो म्हटलं त ते कराच लागते. आमच्यात ते मोडता येत नाई. पन कायले हो म्हटलं, तेच मले मालूम नाई. आता करू काय?”

बाजारात माझ्यापुढे कोणाचं चालत नाही. इथे मी हातातला पाण्याचा गडवा तसाच खाली ठेवला. तिने हो कशाकशाला म्हटलं ते ऐकणारं एकच साधन होतं, आणि ते तेव्हा माझ्या बांबूवर वाऱ्याने हलत होतं. आपण कोणाचं काही चोरलं नाही, लपवलं नाही, तरी कोणाच्या आयुष्यातून एवढं मोठं काहीतरी आपल्या हातून जातं, याचा राग कोणावर काढायचा? मला तो अजून काढता आलेला नाही.

तेव्हापासून मी पुढच्या बाजाराची वाट पाहत नाही. काही राहिलं की त्याच संध्याकाळी जीपवाल्यांजवळ निरोप देते. आणि कोणी काही विचारायला आलं तर आधी विचारते, दिसायला कशी आहे ती वस्तू, हाताने दाखव. लोक हसतात. चप्पलवाला म्हणतो, बाई पोलीस झाली. म्हणू दे.

म्हातारी अजून येते. आता माझ्या दुकानात आली की मशीन काढत नाही. मागे बोर्डापाशी एक पोतं अंथरलेलं असतं, त्यावर बसते आणि काय काय केलं ते सांगते. घरचा बैल विकायचं ठरलं होतं, तो तिने विकू दिला नाही. “बैल इकू नको म्हटलं असन त्यानं. लय जीव होता त्याचा बैलावर.” म्हाताऱ्याचं आणि त्याच्या बहिणीचं धुऱ्यावरून, म्हणजे वावराच्या बांधावरून, वाकडं होतं, कित्येक वर्षं बोलणं नव्हतं. म्हातारी एकटी त्या नणंदेच्या गावाला गेली, तिच्या घरी जेवली, तिला लुगडं नेसवून आली. घरावरची कवेलू, म्हणजे कौलं, फिरवून घेतली. पोराला मिरचीला जाऊ नको म्हणाली. त्याने ऐकलं नाही, तर दोन बाजार उदास होऊन बसली, आपला शब्द मोडला म्हणून. मी सांगितलं, “तू म्हटलं ना त्याले, तुझं काम झालं.” तेव्हा कुठे चहा प्याली.

सुरुवातीला मीही सुचवायचे. वावर पडीत ठेवू नको म्हटलं असेल, नातीला शाळेतून काढू नको म्हटलं असेल. म्हातारी लगेच उठून त्याच्या मागे लागायची. मग माझ्या लक्षात आलं की मी तिच्या डोक्यावरचा भार वाढवते आहे. मी गप्प बसायला लागले. मला गप्प बसणं जमत नाही, पण तिच्यापुढे बसते.

मागच्या हिवाळ्यात एकदा ती अशीच बसली होती. गर्दी ओसरली होती. खूप थकल्यासारखी दिसत होती. नणंदेकडे पुन्हा एकदा जाऊन आली होती, काही राहिलं असेल तर विचारून घ्यावं म्हणून. मला राहवलं नाही. म्हटलं, “माय, आता बस कर. त्यानं जे जे म्हटलं असन, ते सारं केलं तू. आता काई बाकी नाई राह्यलं.”

ती हसली. पदर जरा मागे सारून कानातलं बोंड तिने बोटाने नीट बसवलं.

“कदी कदी मले वाट्टे,” ती म्हणाली, “यातलं काईच म्हटलं नसन त्यानं.”

“मंग?”

“घडीघडी इतकंच इचारलं असन, तुले आयकू येते ना म्हून. अन् म्या म्हटलं, हो.”